तांबडीचा दुसरा घाणा

थोरलीला पॅनेलवाला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नकोसा झाला होता. त्याने तिचं काही घोडं मारलं होतं असं नाही. माणूस गरीब, पन्नाशीचा, खिशाला तीन स्क्रूड्रायव्हर लावलेले, आणि बोलणं इतकं सावकाश की चहा घेणार का विचारलं तर तो हो म्हणेपर्यंत चहा निवायचा. पण तो आला होता तिच्या भांड्याला वायरी लावायला, आणि एवढा गुन्हा तिला पुरेसा होता.

भांडं तिचं होतं. कागदोपत्री ब्रुअरी दिराची, जागा दिराची, बँकेतली सहीही दिराचीच. पण मागच्या खोलीतल्या त्या आठशे लिटरच्या स्टीलच्या भांड्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. तिच्या नवऱ्याने ते आणलं होतं आणि त्यानेच तिला शिकवलं होतं. माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले जव, भरडून गरम पाण्यात तासभर मुरवायचे. त्यातून गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणणारी वाळकी फुलं, घालून उकळायचं, निववायचं आणि खाली तळघरात सोडायचं. ऐकायला सोपं. नवरा गेला त्याला पाच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून घाणा लावायला भांड्यापाशी ती एकटीच उभी राहत होती. माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं. तिचं कारण हे होतं, दुसरं नव्हतं.

तळघर धाकटीचं. धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. वरून आलेलं गोड पाणी टाकीत घ्यायचं, त्यात यीस्ट घालायचं आणि ते आंबून बियर होईपर्यंत तीन आठवडे टाकीची मर्जी सांभाळायची, हे तिचं काम. दोघींच्या हातांतून उतरायची ती बियर गर्द तांबूस असायची, म्हणून गिऱ्हाइकं तिला तांबडी म्हणत. पुढच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूला काउंटर होता. तिथे संध्याकाळी लोक तांबडीसाठी उभ्याने ताटकळायचे आणि बनवणाऱ्या दोघी किती गोडीगुलाबीने राहत असतील असं एकमेकांना सांगायचे. सांगोत बापडे.

दोघींमधून विस्तव जात नव्हता. थोरलीचा नवरा वारला तेव्हा ती दीड महिना ब्रुअरीत फिरकली नव्हती. परत आली तर चार नंबरची टाकी रिकामी. नवऱ्याने स्वतःच्या हाताने लावलेला शेवटचा घाणा त्या टाकीत होता, आणि धाकटीने तो गटारात सोडून दिला होता. "बिघडली होती," धाकटी म्हणाली होती. बिघडली होती तर बिघडली होती. एक ग्लास तरी ठेवायचा. निदान घरी येऊन सांगायचं, की ताई, असं असं आहे, सोडू का. थोरलीने त्या दिवशी धाकटीला जे सुनावलं ते सुनावलं, आणि त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलली नाही. धाकटीही कमी नव्हती. तिनेही ताई म्हणणं सोडलं.

पण घाणा तर लावायचाच होता. मग जिन्याच्या तोंडाशी एक पाटी टांगली गेली. थोरली लिहायची, "टाकी दोनमध्ये सोडतेय." धाकटी खाली लिहायची, "सोडा." पाच वर्षं ब्रुअरीचा गाडा या पाटीवर चालला होता. एकदा धाकटीने लिहिलं होतं, "खाली ओलं आहे, जपून." थोरलीने ते पुसून लिहिलं, "मला डोळे आहेत."

आणि आता हा पॅनेलवाला. भाऊजींनी त्याला आणायचं कारण असं की शहरातली आठ दुकानं तांबडी ठेवायला तयार होती, पण त्यांना प्रत्येक पिंप एकसारखं हवं होतं.

"वहिनी, एकदा दाट लागते, एकदा हलकी लागते. लोक विचारतात," भाऊजी म्हणाले.

"लोक तरी रोज सारखे असतात का, भाऊजी?"

"लोकांचं सोडा. यंत्र बसलं की पाणी, वाफ, तापमान, सगळं आपोआप. तुम्ही आता उभं राहून दमायचं नाही. काउंटरवर बसा, गिऱ्हाइकांशी चार शब्द बोला."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. गिऱ्हाइकांशी चार शब्द! तिला स्वतःच्या जावेशी बोलायला चार शब्द सापडत नव्हते. तिने साफ सांगितलं की तांबडी भांड्यात होत नसते, हातात होते, आणि ज्या दिवशी हे वायरींचं लटांबर तांबडी बनवेल त्या दिवशी मी स्वतः पदर खोचून ग्लास विसळीन.

भाऊजी चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत, हाही तिचा एक राग होता. त्यांनी दोन घाण्यांची बोली केली. दोन्ही यंत्राने लावायचे. पहिला बिघडला तर दुरुस्तीची संधी. दुसरा घाणा मात्र दोघी जावांनी चाखायचा, आणि दोघींनी मिळून नाही म्हटलं तर यंत्र आल्या वाटेने परत. एकीचं 'नाही' चालणार नाही, दोघींचं हवं.

"कबूल?" भाऊजींनी विचारलं.

"कबूल," थोरली म्हणाली. तिला हे यंत्र चालूच शकणार नाही याची खात्री होती, आणि त्याचं कारण तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

कारण वहीत होतं. भांड्याशेजारच्या खिळ्याला तिची वही टांगलेली असायची. प्रत्येक घाण्याची तारीख, जवांचं वजन, मुरवणीचं तापमान. तापमान कायम सहासष्ट. आणि ते साफ खोटं होतं. जव ती एकोणसत्तरला मुरवायची. नवरा गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या घाण्यापासून ती वहीत खोटं लिहू लागली होती, आणि त्यात तिला काडीचीही लाज नव्हती. खरं लिहिलं की उद्या वही पुरते, बाई लागत नाही, एवढं तिला कळत होतं. तीन अंशांचा फरक ऐकायला क्षुल्लक, पण बियर अंगाने दाट उतरते की पाणचट, ते त्या तीन अंशांत ठरतं.

पॅनेलवाल्याने महिनाभर नुसत्या वायरी ओढल्या. भांड्याच्या पोटात आणि तळघरातल्या टाक्यांत बोटाएवढे सेन्सर बसवले. पॅनेलचा पडदा अजून आला नव्हता, व्हॉल्व्ह अजून जोडले नव्हते, म्हणून थोरलीने आपले दोन घाणे नेहमीसारखे हाताने लावले. तो कोपऱ्यात बसून बघत होता.

"मॅडम, वहीत लिहिलंय तसंच घालू ना पॅनेलमध्ये?" त्याने विचारलं.

"मॅडम कुणाला म्हणता? आणि लिहायला-वाचायला येतं ना? मग जे लिहिलंय ते घाला."

"वही आणि..." तो काहीतरी बोलणार होता.

"भाऊजींना विचारा. मालक ते."

त्याने विचारलं. भाऊजी म्हणाले, वह्या घरच्या आहेत, वह्यांप्रमाणेच घ्या. थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि पॅनेलवाल्याला त्या दिवशी आपणहून चहा दिला, तोही गरम.

पहिला घाणा यंत्राने लावला. व्हॉल्व्ह आपोआप उघडले, पाणी आपोआप आलं, भांडं घुरघुरत सहासष्टावर येऊन थांबलं आणि तासभर तिथून केसभर हललं नाही. थोरली दारात हाताची घडी घालून उभी होती. तीन आठवड्यांनी तळघरात टाकीच्या नळाखाली ग्लास धरले गेले. भाऊजींनी पहिला घोट घेतला आणि सिंककडे धाव घेतली.

"हे काय आहे?" भाऊजी म्हणाले.

"तुमचं आपोआप," थोरली म्हणाली.

रंग तांबडीचा होता, आणि बाकी सगळा शुद्ध पाणचटपणा. ती इतकी खूश झाली की तिने पूर्ण ग्लास संपवला. टाकीपलीकडे धाकटी उभी होती. तिनेही घोट घेऊन ग्लास ठेवून दिला, आणि तिच्या तोंडावरही समाधान आहे असं थोरलीला वाटलं. हिला कशाचं एवढं समाधान? तिचा संताप झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनेलवाल्याने सगळ्यांना भांड्यापाशी बोलावलं. पडदा आता बसला होता. त्याने त्यावर दोन रेघा काढून दाखवल्या.

"मॅडम, सेन्सर महिनाभर चालू होते. पडदा नव्हता, पण नोंद होत होती. तुमच्या हाताच्या दोन्ही बॅचची नोंद आहे." तो नेहमीच्या संथपणे बोलत होता, आणि एकेक शब्द थोरलीच्या पाठीत धपाटा घातल्यासारखा बसत होता. "वही सहासष्ट म्हणते. भांडं दोन्ही वेळा एकोणसत्तर म्हणतंय."

मग धाकटी हसली. मोठ्याने नाही, नाकातून.

"हसू नका मॅडम," पॅनेलवाला म्हणाला, "तुमचीही नोंद आहे. तळघराची वही अठरा म्हणते. टाक्या एकवीसला होत्या."

आता भाऊजींनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "हा काय प्रकार आहे?"

"त्यांना विचारा," धाकटी नवऱ्याला म्हणाली, थोरलीकडे न बघता. "वरून येणारं पाणी सहासष्टाच्या मानाने जड यायचं, कितीही आंबलं तरी गोडी उरायची. म्हटलं, यांचा हात गेला, पण सांगायचं कुणी? टाकी तीन अंश वर नेऊन यीस्टला जास्त साखर खायला लावली नसती तर तांबडी पिणाऱ्याच्या दातांना चिकटली असती. दरवेळी यांची चूक मी निस्तरत आलेय."

"भाऊजी, तुमच्या बायकोला सांगा, चूक कुणाची ते," थोरली म्हणाली. "खाली गेलेलं गोड पाणी दरवेळी कोरडीठाक, थेंबभरही गोडी नसलेली बियर होऊन यायचं. म्हणून मी सदुसष्ट केलं. तरी कोरडीच. मग अडुसष्ट. हिच्या हाताला पुरून उरावं म्हणून एकोणसत्तरावर आले मी."

"त्या वाढवत गेल्या म्हणून मी वाढवत गेले," धाकटी म्हणाली.

"ती वाढवत गेली म्हणून मी."

भाऊजींना हसू आवरेना. बघता बघता ते खुर्चीवर बसले आणि डोळे पुसू लागले. थोरलीला त्यांच्या डोक्यात ती वही घालावीशी वाटली. पण त्या हसण्याहून वाईट गोष्ट तिच्या मनात हळूहळू उतरत होती. पाच वर्षं गिऱ्हाइकं तांबडीची वाहवा करत होती आणि ती एकेक वाहवा मोजून आपल्या पदरात घेत होती. त्यातली निम्मी ह्या बाईची होती. ज्या बाईचं तोंड बघायला नको, तिच्या कुरापतीशिवाय तांबडी तांबडी झाली नसती. हे तिला कुणी पट्टीने मारून सांगितलं असतं तरी तिने मानलं नसतं, पण रेघा समोर होत्या.

"मग दुसऱ्या बॅचला एकोणसत्तर आणि एकवीस घालू?" पॅनेलवाल्याने विचारलं.

"घाला," भाऊजी म्हणाले.

पुढचे तीन आठवडे थोरलीचे कसे गेले ते तिलाच माहीत. सकाळी ती सवयीने वेळेवर यायची. भांड्यापाशी उभी राहायची. भांड्याला तिची गरज नसायची. ती फरशी पुसायची, पुसलेली फरशी परत पुसायची, खिळ्यावरची वही सरळ करायची. एकदा तिने जवांच्या पोत्यात हात घालून मूठभर जव नुसतेच चोळले. धाकटी तेवढ्यात जिन्यातून वर आली, तिने ते पाहिलं आणि काही न लिहिता परत खाली गेली. बघून घे, थोरलीने मनात म्हटलं, पोटभर बघून घे.

तिचं मात्र ठरलं होतं. घाणा कसाही होवो, ती नाही म्हणणार होती. अडचण धाकटीची होती. धाकटी नवऱ्याच्या बाजूने, ती हो म्हणणार, हे उघड होतं. म्हणजे दोघींचं 'नाही' व्हायचं नाही आणि यंत्र राहायचं. धाकटीकडे जाऊन दोन शब्द बोलले असते तर? पाटीवर एक ओळ खरडली असती तर? थोरलीने खडू हातात घेतला होता, एकदा नव्हे, दोनदा. पण त्या बाईपुढे पदर पसरण्यापेक्षा काउंटरवर बसलेलं बरं, असं म्हणून तिने तो परत ठेवला. मग तिने ठरवलं की आपण चाखतानाच भांडण काढायचं. ही हो म्हणाली रे म्हणाली की हिला बियरमधलं काय कळतं, इथून सुरुवात करायची, आणि एवढा आरडाओरडा करायचा की भाऊजींनी बोलीच मोडावी. सगळी वाक्यं तिने तयार ठेवली होती.

चाखायच्या दिवशी दुपारी चौघे तळघरात उतरले. खाली गारवा होता, टाक्यांच्या पोटांवर दव जमलं होतं. पॅनेलवाल्याने नळ सोडला आणि चार ग्लास भरले.

थोरलीने घोट घेतला.

ती होती. तीच, शंभर टक्के. आधी जिभेवर भाजल्या जवांची गोडी, मग जरा फळासारखा वास, आणि शेवटी तो कडवटपणा, जो पुढचा घोट घ्यायला लावतो. तिच्या सगळ्यात चांगल्या दिवसाची तांबडी. तिने नकळत आणखी एक घोट घेतला आणि तिला स्वतःचाच राग आला. तरी नाही म्हणायचं होतं. ती धाकटीच्या 'हो'ची वाट बघू लागली.

धाकटीने ग्लास उजेडाकडे धरला, वास घेतला, एक घोट घेतला, आणखी एक घेतला.

"ही ती नव्हे," धाकटी म्हणाली. "बिघडलीय."

थोरलीने तयार ठेवलेली सगळी वाक्यं हवेतच राहिली. तिला फक्त मान हलवायची होती. एकदाच, खाली-वरही नाही, आडवी. यंत्र गेलं असतं, वायरी गेल्या असत्या, उद्या सकाळी भांडं तिचं झालं असतं. पण तिने ऐकला तो एकच शब्द. बिघडलीय. ह्याच तळघरात, ह्याच तोंडाने, टाकीला पाठ लावून हीच बाई तेव्हाही हेच म्हणाली होती. आणि आता आपल्या हातची, आपल्या एकोणसत्तरची, इतकी सुरेख उतरलेली तांबडी ही बाई पुन्हा गटारात लोटायला निघाली होती. थोरलीचं डोकं फिरलं.

"काय बिघडलीय?" ती भाऊजींना म्हणाली. "जीभ भाजलीय का हिची? काय वाईट आहे यात? सांगू दे तिला. हीच आहे. अशीच असते तांबडी. मी बनवते ती अशीच असते."

"हीच आहे?" भाऊजींनी विचारलं.

"हीच."

"नक्की, वहिनी?"

"शंभरदा सांगू का?"

भाऊजींनी ग्लास खाली ठेवला. ते जिंकल्यासारखे दिसत नव्हते, उलट बरीचशी शरम वाटल्यासारखे दिसत होते. तेव्हा थोरलीला कळलं, ही दोघींची अट त्यांनी का घातली होती. आठ वर्षं एका घरात, पाच वर्षं त्या पाटीखालून जात-येत त्यांनी काढली होती. ह्या दोघींचं एकमत कशावरही होणार नाही, यावर त्यांनी सबंध यंत्र पणाला लावलं होतं.

"मग सोमवारपासून काउंटर," ते हळूच म्हणाले, आणि पॅनेलवाल्याला घेऊन वर गेले.

तळघरात दोघीच उरल्या. आपण काय करून बसलो ते थोरलीला आता नीट दिसत होतं, आणि ते बदलता येणार नव्हतं. धाकटी ग्लास गोळा करत होती.

"यंत्र आणायला मीच ह्यांच्या मागे लागले होते," धाकटी म्हणाली. तिने मान वर केली नव्हती, पण ती भाऊजींशी बोलत नव्हती, भाऊजी तिथे नव्हते. "ह्या गारठ्यात गुडघ्यांची पार वाट लागली माझी. मला सुटायचंच होतं. हो म्हणाले असते तर आजच सुटले असते."

धाकटीने भाऊजींचा ग्लास उचलला.

"पण तीन आठवडे तुम्हाला त्या भांड्यापाशी उभं बघितलं. फरशी पुसताना बघितलं. म्हणून म्हटलं बिघडलीय. तुमच्यासाठी म्हटलं, जाऊबाई. चांगली झाली होती, कळत नाही का मला?"

थोरलीला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. तिच्या तोंडात आलंही होतं. पण पाच वर्षांत तोंडाला वळण एकच लागलेलं.

"तुला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"कुणी नाही," धाकटी म्हणाली.

तिने चार ग्लास ट्रेमध्ये ठेवले, ट्रे एका हातावर घेतला आणि दुसऱ्या हाताने भिंत धरून जिना चढू लागली. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, थांबायचं, मग पुढची पायरी. पाच वर्षं ती हा जिना रोज असाच चढत असली पाहिजे. थोरली जिन्याखाली उभी राहिली. ट्रे मागून घ्यावा असं तिला वाटलं, तिचा हात थोडा पुढेही झाला, पण तिने तो मागे घेतला. वर जायला दुसरी वाट नव्हती आणि जिना एकाच माणसाच्या रुंदीचा होता, म्हणून तिला जावेच्या मागोमाग, तिच्याच चालीने, थांबत थांबत चढावं लागलं.